समुद्र डाव्या हाताला

कोकणात डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं दिसलं, की त्यावर बहुधा किल्ला असतो. जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, विजयदुर्ग, निवती. यादी लांबवता येईल. किल्ला बांधणाऱ्याचं लक्ष लांब असतं. क्षितिजावर शीड दिसतंय का, खाडीत शिरणारं गलबत आपलं की परक्याचं, एवढंच त्याला समुद्राकडून कळून घ्यायचं असतं. त्यामुळे तटावरून दिसणारा समुद्र कायम खाली आणि दूर राहतो. खडक आणि पाणी खरोखर एकमेकांना भिडतात तो भूशिराचा पायथा कुणाच्या नजरेत येतच नाही. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे मात्र चांगली वाटणी झाली. दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला आला आणि उत्तर तीरावरच्या डोंगराला देव मिळाला. देव म्हटला की प्रदक्षिणा आली, आणि प्रदक्षिणा माथ्यावर बसून होत नाही, पायथ्याने वळसा घ्यावा लागतो. हरिहरेश्वरच्या भूशिराला मिळालेला हा वळसा म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची सर्वांत सुंदर पायवाट, असं माझं मत आहे. आणि ती पाय पडून पडून आपोआप झालेली नाही, कुणीतरी विचार करून रचलेली आहे.

गावाची माहिती थोडक्यात उरकतो. रायगड जिल्हा, श्रीवर्धन तालुका. डोंगराची चार शिखरं मानतात: हरिहरेश्वर, हर्षिनाचल, पुष्पाद्री आणि ब्रह्माद्री. देवळात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची लिंगं, जवळच काळभैरव आणि योगेश्वरी. पेशव्यांचं हे कुलदैवत. श्रीवर्धनचे भट घाटावर जाऊन पेशवे झाले तरी त्यांचा देव इथेच राहिला, आणि जुनं देऊळ जळाल्यावर पहिल्या बाजीरावाने १७२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. 'दक्षिण काशी' ही पदवीही गावाला आहे, पण ती कोल्हापूर, पैठण आणि वाई यांनाही आहे, तेव्हा तिच्यापाशी फार रेंगाळायला नको. माहात्म्य सांगणाऱ्यांना काशीची आठवण काढल्याशिवाय चैन पडत नाही. खरं तर इथलं जे विशेष, ते काशीत नाहीच. काशीला भरती-ओहोटी कुठे आहे?

वाट देवळामागून सुरू होते. पाखाडी चढते, झाडी अंगाशी येते, समुद्र दिसलाच तर पानांच्या फटींतून, तुकड्यातुकड्याने. घाईचा माणूस इथे कंटाळतो. समुद्र बघायला आलो आणि डोंगर कसला चढतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. माझ्या मते या वाटेची सगळी करामत या चढात आहे. देऊळ समुद्रापासून चार पावलांवर. वाट सरळ वाळूवरून नेता आली असती, दमही लागला नसता. पण प्रदक्षिणेचा नियम असा की देव उजव्या हाताला राहिला पाहिजे. त्या नियमाने पाय आधी डोंगरावर जातात, आणि ज्यासाठी आलो ते काही काळ आपल्यापासून लपवलं जातं. चांगला गवई बंदिशीचा मुखडा लगेच हातात देत नाही. इथे ते काम चढ करतो. अलीकडे काही जण वाळूच्या बाजूने, उलट्या दिशेने येतात. त्यांना सगळं दिसतं, फक्त भलत्या क्रमाने. शेवट आधी वाचून मग गोष्ट सुरू करावी, तसलं ते वाचन.

माथा ओलांडला की वाट एकदम खडकात शिरते. ही घळ म्हणजे प्रदक्षिणेचं पहिलं मोठं वळण. गावात तिला गणेशगल्ली म्हणतात. दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, मधे एका वेळी एकाच माणसाने नीट उतरावं एवढी जागा, आणि खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे नजर पायांकडे ठेवावी लागते. मधेच मान वर केली तर दोन भिंतींमध्ये एक उभी पट्टी दिसते, वरचा भाग आकाशाचा, खालचा पाण्याचा. एवढाच समुद्र. आजवर समुद्र आडवाच पाहिलेला असतो. इथे तो उभा भेटतो, आणि पायरीगणिक पाण्याचा वाटा वाढतो, आकाशाचा कमी होतो. आवाजाचंही तसंच. माथ्यावर वाऱ्यात मिसळलेली गाज घळीत शिरल्यावर वेगळी होते. प्रत्येक लाट स्वतंत्र ऐकू येते, तिच्या मागून दगडांवरून ओघळत परत जाणारं पाणी ऐकू येतं. घळ निसर्गाची आहे. लाव्हा थंड होताना बेसॉल्टला उभ्या भेगा पडतात आणि किनाऱ्यावर पाणी अशाच भेगा धरून आत शिरत जातं. पायऱ्या मात्र माणसाच्या. या घळीतून वाट काढायची हे ज्याला सुचलं त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. मला त्याच्याबद्दल बाजीरावापेक्षा अधिक कुतूहल आहे.

शेवटच्या पायरीवरून पाऊल पडतं ते वाळूवर पडत नाही. खाली खडकाचा रुंद, जवळजवळ सपाट ओटा पसरलेला असतो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला कडा. इथून पुढे तासभर हीच दोन पात्रं आणि मधे आपण.

ओटा कसा झाला ते समजून घेतलं तर चालण्याची चव बदलते. लाटा कड्याच्या बुंध्याशी आपटत राहतात, तिथे आडवी खाच पडते, खाच खोल झाली की वरचा खडक आधार सुटून कोसळतो. कोसळलेले दगड लाटा फोडतात, घासतात, वाहून नेतात. मग पुन्हा नवी खाच. असा कडा मागे मागे सरकतो आणि त्याच्या पायाखालचा तळ तेवढा मागे राहतो. म्हणजे ज्या खडकावर आपण चालतो ती जागा एकेकाळी डोंगराच्या पोटात होती. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या मानाने समुद्राने केलेली ही कापाकापी अगदी अलीकडची, आणि अजून चालू असलेली. ओट्यावर मधेच कड्याएवढ्या उंचीवरून आलेला एखादा धोंडा बसलेला असतो, त्याच्या कडा अजून धारदार. शेजारच्या दुसऱ्या धोंड्याच्या कडा पाण्याने मोडलेल्या. कोण आधी पडला हे विचारावं लागत नाही.

पण हरिहरेश्वरला आलेला माणूस घरी जाऊन सांगतो तो कड्यावरच्या जाळीबद्दल. खडकाच्या अंगावर खळगे, खळग्यांत खळगे, मधे पातळ भिंती. काही ठिकाणी भिंत इतकी झिजलेली की एका खळग्यातून दुसऱ्यात आरपार दिसतं. याला मधाच्या पोळ्याची उपमा देण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. पोळ्यात सगळी घरं सारखी असतात. इथे दोन खळगे सारखे सापडत नाहीत, आणि पाहणं खिळून राहतं ते त्या असारखेपणामुळेच. 'लाटांनी कोरलेली नक्षी' असंही म्हणतात. तेही अर्धंच खरं आहे. लाटांचा घणाघात खाच पाडतो, कडा पाडतो; एवढं नाजूक काम त्याला जमणारं नाही. ते काम मिठाचं. तुषार उडतात, खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत मुरतं, उन्हा-वाऱ्याने पाणी उडून जातं आणि आत मिठाचे स्फटिक वाढतात. वाढताना ते खडकाचे कण रेटून सुटे करतात. एकदा लहानसा खळगा पडला की आत सावली राहते, ओल टिकते, मीठ तिथेच अधिक साचतं, आणि खळगा आणखी खोल जातो. मधल्या भिंती त्या मानाने वाचतात. म्हणजे या भूशिरावरचं सर्वांत गोंगाटाचं काम आणि सर्वांत बारीक काम दोन वेगळ्या हातांचं आहे. एकाची गर्जना कोसभर ऐकू जाते. दुसऱ्याचं काम पाणी वाळताना चालतं, आणि लाटेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाची त्याकडे पाठ असते. मी म्हणेन, ओट्यावर आल्यावर पहिली पाच मिनिटं समुद्राकडे पाठ करून उभं राहावं.

वाटेवर तीर्थं आहेत: गायत्रीतीर्थ, विष्णुपद, पांडवतीर्थ आणि आणखी काही. विष्णुपदाशी पिंडदान होतं. प्रत्येक तीर्थाची कथा आहे, ती तिथले गुरुजी सांगतील आणि माझ्यापेक्षा चांगली सांगतील. मला त्यांचा उपयोग दिसतो तो असा, की कुठे थांबायचं हे ती ठरवून देतात. सरळ चालत गेलेला माणूस खडक ओलांडतो. वाकून पाणी डोळ्यांना लावणारा माणूस नकळत खडकातल्या डबक्यापाशी दोन मिनिटं बसतो. आणि या भूशिराचा खरा जीवसंसार त्या डबक्यांत आहे.

त्याआधी ओहोटीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्या परवानगीशिवाय यातलं काहीच वाचता येत नाही. भरतीला हा सगळा ओटा पाण्याखाली असतो आणि लाटा थेट कड्यावर फुटतात. पावसाळ्यात तर ओहोटीलाही इथे जाण्यात शहाणपण नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला वेळापत्रक लागत नाही, त्याच्याकडे तिथी असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या दरम्यान, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. दिवसागणिक वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. त्यातही उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. पाणी वर चढतं खूप आणि खाली उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढणं-उतरणं दोन्ही बेताचं. म्हणजे अष्टमीला भर दुपारी आरामात ओहोटी मिळते खरी, पण समुद्र हातचं राखून मागे जातो आणि खडपाचा खालचा भाग झाकलेलाच राहतो. पंचांग पाहून प्रदक्षिणेला येणाऱ्या आजीला हे गणित तोंडपाठ असतं. तिचं पंचांग आणि भरतीचं कोष्टक एकाच चंद्रावर चालतं.

आता खडप. वरून खाली येताना जीवांचे थर लागतात आणि प्रत्येक थर म्हणजे पाण्याबाहेर किती वेळ राहता येतं याचं उत्तर असतं. अगदी वर, जिथे उधाणाच्या भरतीचे फक्त तुषार पोहोचतात, तिथे खडकाच्या भेगांत मिरीएवढ्या गोगलगायी दाटीवाटीने चिकटलेल्या. दार लावून, आत ओल धरून त्या कित्येक तास कोरड्या काढतात. त्याखाली बार्नकलांचा खरखरीत पांढुरका पट्टा. बार्नकल दिसायला शिंपला, नात्याने खेकड्या-कोळंबीच्या जवळचा. लहानपणी पोहत येतो, जागा निवडतो, डोकं खडकाला कायमचं चिकटवतो आणि पुढचं आयुष्य कवचाच्या घरात उताणा पडून पायांनी अन्न ओढत काढतो. ओहोटीला त्याची झापडं मिटलेली असतात. एखाद्या डबक्याच्या काठावर, पाण्याच्या पातळीखाली असलेला बार्नकल शोधावा. तिथे झापडं उघडतात, पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी चाळतात, आत जातात. त्याला एक लय आहे, आणि ती लाटांच्या लयीशी जुळत नाही, हे मला फार आवडतं.

त्याखाली कालवं. यांच्या कडा सुरीइतक्या धारेच्या, अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्यांना त्या लगेच कळतात. ओहोटीला कोकणातल्या खडपांवर बायका कालवं फोडायला बसलेल्या दिसतात. एक शिंपला फोडायला आणि आतला मऊ जीव अखंड काढायला एका घावापेक्षा जास्त लागत नाही. खडपाचं यांच्याइतकं बारीक वाचन प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाचंही क्वचितच असेल. कुठल्या खडकावर भरलेली कालवं, कुठल्यावर पोकळ, हे त्या लांबून सांगतात. कालवांच्या शेजारी ओलसर सावलीत कायटन नावाचा जीव सापडतो. लांबट, चपटा, पाठीवर आठ पट्ट्यांचं चिलखत, खडकाच्याच रंगाचा. खडकावरचं शेवाळ खरवडून खाण्यासाठी याच्या जिभेवर जे दात असतात, त्यांना मॅग्नेटाइट या लोहखनिजाचं आवरण असतं. मीठ वरून खडक पोखरतं, तर खाली हा दातांनी खरवडतो. या भूशिराला खाणारे सगळेच काही मोठ्या आवाजाचे नाहीत.

डबक्यांत पाहायचं असेल तर स्वतःची सावली पाण्यावर पडू द्यायची नाही आणि मिनिटभर हलायचं नाही. आधी काहीच नसतं. मग वाळूचा एक कण चालू लागतो; तो शंख असतो, आणि शंखात भाडेकरू खेकडा. समुद्रफुलं भुजा पसरून बसलेली, त्यांना फुलं म्हणावं तर ती शिकारी. हिरवट गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड त्यांचेच नातेवाईक, शेकडो तोंडं एकमेकांना चिकटलेली. बोटाएवढे मासे खडकाच्या रंगात मिसळलेले. घाबरले तर सरळ पाण्याबाहेर उडी घेऊन शेजारच्या डबक्यात जातात. खडकांवरचे खेकडे तर माणसाची चाहूल लागताच आडवे पळून भेगेत घुसतात, आणि भेगेतून डोळ्यांचे दोन देठ बाहेर काढून आपण गेलो का ते पाहत राहतात. इथे कोण कुणाचं निरीक्षण करतं हे नेहमीच स्पष्ट नसतं.

मान वर केली की पक्षी. हिवाळ्यात कड्याच्या कपारीवर शैलकस्तूर बसलेला असतो. नर निळसर, पण तो निळा उन्हातच दिसतो. सावलीत हा पक्षी काळपट ढेकूळच वाटतो. पाण्याच्या कडेला समुद्रबगळा, याची दोन रूपं असतात, एक पांढरं आणि एक पाटीच्या दगडाच्या रंगाचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी मासे धरतात. तुतवार शेपूट खालीवर करत लाटेच्या पुढेपुढे. कुरव पाहुणे, उन्हाळा लागला की उत्तरेला परतणारे. ब्राह्मणी घार कायमची.

या सगळ्यांच्या वर समुद्रगरुडाचा हक्क आहे. पोट आणि डोकं पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, तरंगताना पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर उचललेले, शेपूट पाचरीच्या आकाराची. तो घिरट्या घालत असताना खालच्या घारी एकदम लहान वाटू लागतात. मासे खातोच, पण समुद्री साप हे त्याचं आवडीचं खाणं. पायात लोंबणारा साप घेऊन तो डोंगराकडे वळताना दिसला तर त्या दिशेला उंच झाडावर घरटं असण्याची शक्यता धरावी. काटक्यांचं प्रचंड घरटं वर्षानुवर्षं तेच वापरतो, दर वर्षी थोडी भर घालून. या पक्ष्यामुळे एक मोठी गोष्ट घडली, आणि ती इथून दिसणाऱ्या पलीकडच्या तीरावर घडली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये समुद्रगरुडाच्या घरट्यांच्या शोधात वेळासच्या किनाऱ्यावर फिरत होते. तिथे वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालत होती आणि ती अंडी माणसांच्या नि कोल्ह्याकुत्र्यांच्या पोटात जात होती. वेळासच्या कासव संवर्धनाची सुरुवात तिथून झाली, पुढे गावकरी त्यात उतरले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आकाशाकडे पाहणाऱ्यांना वाळूतली गोष्ट सापडली.

भूशिराच्या दक्षिण अंगाला आलं की पाण्याचा रंग बदलतो. इथे सावित्रीचं पाणी समुद्रात शिरतं. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी, महाडजवळ तिच्यात मगरी आहेत, आणि इथे येईपर्यंत ती रुंद, गढूळ, खारट होऊन जाते. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे मासे जमतात, आणि माशांमागे गादे येतात. किनाऱ्यालगत दिसणारा डॉल्फिन तो हाच, पाठीवर कुबड असलेला. उथळ पाणी, खाड्यांची मुखं हीच त्याची जागा. नाटकी उड्यांची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा होते. हा आधी तोंडाची लांबट चोच बाहेर काढतो, मग पाठीचं कुबड कमानीसारखं वर येतं, मग काही नाही. पुढचा श्वास कुठे घेईल याचा अंदाज बांधत राहायचं, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. जगभरात संकटात असलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

रसाचा प्रश्न आता काढायला हरकत नाही. क्षेत्रं म्हटली की शांतरस असं आपण धरून चालतो. हरिहरेश्वरचा स्थायी भाव मला तो वाटत नाही. घळीत विस्मय आहे, जाळीपाशी विस्मय आहे, डबक्यांत कुतूहल आहे. पण या सगळ्याखाली सतत भय आहे, आणि ते असलंच पाहिजे. ओट्यावर काही जागा अशा आहेत जिथे खडक एकदम संपतो आणि खाली पाणी खोल, हिरवंकाळं. लाट दिसते त्यापेक्षा मोठी असते. दहा लाटा गुडघ्याइतक्या येतात आणि अकरावी छातीएवढी. इथे माणसं वाहून गेली आहेत, त्यांतली काही फोटोसाठी पाठ करून उभी होती. देवाचा क्रम मला या अर्थाने अचूक वाटतो. समुद्राकडे निघायच्या आधी ज्याचं दर्शन घ्यायचं तो काळभैरव आहे. भयाचा मान आधी ठेवून मगच पुढे जायचं.

दोष दाखवल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. सुरक्षेसाठी जिथे तिथे सिमेंट ओतलं की ज्या असमान पायऱ्यांमुळे माणूस सावध चालतो, त्या सपाट होतात. सावध चालणं संपलं की सुरक्षाही संपते. जाळीच्या पातळ भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल बोलायचं तर राग आवरत नाही. शेकडो वर्षं मिठाने जपून ठेवलेली भिंत एका किल्लीने मोडते. डबक्यात पाण्याच्या बाटलीचं झाकण तरंगताना दिसतं. आणि तारस्वरात लावलेलं गाणं. गाणं वाईट असतं असं नाही, पण घळीत लाट वेगळी ऐकू येते ही या जागेची सगळ्यात नाजूक गोष्ट आहे, आणि ती पहिल्यांदा मरते.

ओटा संपून वाळू लागते तेव्हा एक प्रकारचा उतार जाणवतो. घोडागाडी, शहाळी, मक्याची कणसं, ओल्या कपड्यांत धावणारी पोरं. इतक्या कठोर खडकानंतर हे फार सोपं वाटतं. मला पूर्वी हा शेवट सैल वाटायचा. आता वाटत नाही. ज्या पायांनी तासभर प्रत्येक पाऊल पाहून टाकलं, त्यांना न पाहता चालायला थोडी जागा लागते. नियमाने दुसऱ्यांदा काळभैरवाकडे जावं लागतं, तेही याच कारणाने बरं.

कुणी जाण्याचा दिवस विचारला तर सांगतो तो असा. पौष-माघात जावं. कड्यावरची जाळी पाहायची असेल तर त्रयोदशी किंवा चतुर्दशीची दुपार धरावी. ओहोटी चार-साडेचारच्या सुमारास येते, ऊन तिरपं होतं, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीतला एकेक खळगा सावलीने उठून दिसतो. खडपातले जीव पाहायचे असतील तर द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ. उधाणाचं पाणी अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी सर्वांत जास्त उतरतं, ओहोटी साडेसात-आठला असते, कडा सावलीत राहतो आणि डबक्यांवर चमक नसते. दोन्ही वेळी घळीतून उतरायचं ते पाणी अजून मागे जात असताना, ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी. तिथी विसरली असेल तर देवळाबाहेर हारवाल्या बाईंना विचारावं, त्यांना ती ठाऊक असते.